हाताच्या पाठीवर

खरेदीदाराचं पत्र आलं तेव्हा उद्यमबागेत वीज गेलेली.
दोन पानं. मोबाइलच्या उजेडात उभ्यानं वाचली:
यापुढं शंभर किलोत शंभर ग्रॅमसुद्धा चालणार नाही.
चौगुले शेठ म्हणाले, काढून टाका की मग,
जसा काय ताटातला कढीपत्ता.

बावीस वर्षं ह्याच्याच जिवावर विकलं आम्ही मृदुला सिरम.
बाटलीत साठ टक्के तोच,
बाकी थोडं जाड सिलिकोन, वास
आणि पुठ्ठ्यावरची बाई.

त्याचं नाव लांबलचक. प्रयोगशाळेत आम्ही त्याला 'पाचवा' म्हणतो.
पाच सिलिकॉन, पाच ऑक्सिजन, एकाआड एक,
हातात हात घालून धरलेला फेर.
तळहातावर घ्या, ना तेल ना पाणी.
केसांवरून फिरवा, बोट आपोआप सुटतं
आणि घटकेत तो नाहीच.
डाग नाही, चिकटपणा नाही, येतो म्हणून सांगणं नाही.

नारळातून काढलेलं एक द्रव्य मागवलं.
त्यात फेर नाही, सरळ रांगा,
एकीत अकरा कार्बन, दुसरीत तेरा.
पहिली चाचणी ओघळली.
दुसरी म्हणजे तेलाची घाणी.
चौथीत मक्याचा स्टार्च घातला, तो कोंड्यासारखा खांद्यावर उतरला.
सातवी बरी वाटली होती,
रात्रीतून रुसून दोन थर करून बसली.

चाचणीला मी भरण्याच्या लाइनीवरच्या बायका बोलावते.
फिलोमिना, सरोजा, मल्लव्वा हुदली.
हात पालथे. डावीकडं जुन्याचा थेंब, उजवीकडं नव्याचा.
तक्त्यात रकाने तीन: चिकट, तेलकट, बरं.
मल्लव्वा म्हणते, 'नुणुपु इल्ल, अक्का.'
नुणुपु. म्हणजे गुळगुळीत?
गुळगुळीत तर फरशी पण असते, ती म्हणाली.
सुळसुळीत?
तिनं मान हलवली.

वडगावात मागावर बसायची ही, आमच्याकडं येण्याआधी.
तुटला धागा अंधारात बोटांनी शोधायची.
तिनं माझं बोट धरून स्वतःच्या हातावरून फिरवलं, डावीकडून,
मग उजवीकडून, मग परत डावीकडून.
'हे. ह्याला काय म्हणतात तुमच्यात?'
मी चौथा रकाना आखला
आणि वर लिहिलं: नुणुपु.
ऑडिटवाल्याला कळणार नाही. न कळू दे.

'आणि ह्यो जुना,' ती म्हणाली,
'उडूलालाय की, जाऊलालाय कुठं?'

बावीस वर्षं मी नुसतं 'उडतो' लिहीत आले,
गुणधर्माच्या खाली, ठळक अक्षरांत.
पत्राच्या दुसऱ्या पानावर होतं सगळं:
हवेत रेंगाळतो, सांडपाण्यातून वाहतो, माशांत मुरतो,
फेर लवकर सुटत नाही.
खिडकीबाहेर आमच्या कारखान्याचं गटार
बळ्ळारी नाल्याच्या दिशेनं चाललेलं,
वर दोन बगळे.

गोदामात जुन्या खोक्यांचा गठ्ठा आहे अजून.
शहराचं नाव बदललं त्या वर्षी
आम्ही रात्रभर बसून बेळगाववर बेळगावी चिकटवलेलं.
आत सिरम तेच होतं.
आता खोक्याला हात लावायचा नाही,
आतलंच सगळं दुसरं.
शेठ म्हणतात, गिऱ्हाइकाला फरक कळता कामा नये.
मल्लव्वाला कळतो की.

चौदावी चाचणी. सकाळी अकरा वीस.
पसरतो. ओघळत नाही. थर नाहीत.
मल्लव्वानं बराच वेळ डोळे मिटून घेतले,
मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. अर्ध्यावर.
'अर्धं लिही,' म्हणाली, 'आणि लिही, थोडा ऱ्हातोय.'

जेवणाच्या सुट्टीत तिनं नळाखाली हात धुतले,
भाकरी मोडली, फिलोमिनाच्या डब्यातला सुका बांगडा घेतला.
तरी तिच्या अंगठ्यामागं जरासं चमकत होतं.
मी घड्याळ पाहिलं
आणि पेन नव्हतं म्हणून सरोजाचं मागून घेतलं:
एक वाजून पाच. अजून आहे.